खाप्याहून कोलंबो किती जवळ? मोटरसायकल, शॉर्टवेव्ह आणि ऐकणाऱ्यांचा इतिहास



पीएच.डी. करणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "कशात करतेयस?" मी सांगते, "विदर्भात लोक रेडिओ कसा ऐकायचे, त्याच्या इतिहासात." मग दुसरा येतोच, "त्यानं काय होते?" माझ्या बाबतीत तिसराही प्रश्न असतो, कारण मी गाडीवर फिरताना टँकबॅगेत एक छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ ठेवते. खाप्यात चहाच्या टपरीवर गाडी लावली आणि तो बाहेर काढला, की कुणीतरी म्हणतंच, "मोबाईल असताना हा डबा कायले वागवतं वं पोरी?"

आजची पोस्ट या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तर थोडं लांब आहे, कारण त्यात १९४२ येतं, एक मराठी मंत्री येतो, कोलंबो येतं, स्पार्क प्लग येतो आणि सूर्यावरचे डागही येतात. मी एम.एस्सी. भौतिकशास्त्रात केलं, त्यामुळे मधेमधे थोडं विज्ञान येईल. गणित फारसं नाही, घाबरू नका.

एक गोष्ट आधीच सांगते. रेडिओचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा टॉवरच्या पायथ्याशी बसून लिहिला जातो. कोणतं केंद्र कधी सुरू झालं, उद्घाटन कोणी केलं, किती किलोवॅटचा ट्रान्समीटर. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं, ही तारीख कुठेही सापडते. पण त्या दिवशी खाप्यात, सावनेरात, सौंसरला कोण काय ऐकत होतं, हे कोणत्याच फायलीत नसतं. पाठवणाऱ्याचं दफ्तर असतं, ऐकणाऱ्याचं नसतं. माझं काम या दुसऱ्या टोकाकडून बघण्याचं आहे. आणि त्या टोकाकडून बघितलं की नकाशाच बदलतो.

दोन प्रकारची अंतरं

खापा कन्हान नदीच्या काठी, सावनेर तालुक्यात. विणकरांचं जुनं गाव, जवळच गुमगावची मँगनीजची खाण, उत्तरेला सातपुड्याचं जंगल. रस्त्याने नागपूर तासाभरावर. कोलंबो मात्र इथून सुमारे १,६०० किलोमीटर, जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला. नकाशावर पट्टी ठेवून बघा. नागपूरचं रेखांश ७९ अंशांच्या जरासं पुढे आणि कोलंबोचं ८० च्या जरासं अलीकडे.

आता रेडिओचं अंतर बघू. आकाशवाणी नागपूर मिडियम वेव्हवर, ५८५ किलोहर्ट्झला लागतं. या लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात, त्यामुळे शे-दोनशे किलोमीटरपर्यंत स्टेशन खणखणीत आणि पुढे आवाज विरत जातो. हे आपल्या रोजच्या अनुभवासारखंच आहे, जवळचं मोठ्याने आणि लांबचं हळू.

शॉर्टवेव्हचं तसं नाही. त्या लहरी तिरप्या वर जातात, जमिनीपासून दोन-तीनशे किलोमीटर उंचीवर असलेल्या आयनोस्फिअरमधून वळतात आणि खूप लांब जाऊन खाली उतरतात. मधल्या पट्ट्यात काहीच ऐकू येत नाही. गोफणीतून मारलेला दगड मधल्या वावरावरून उडून पलीकडच्या वावरात पडावा, तसं. त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातलं शॉर्टवेव्ह स्टेशन लागणार नाही, पण १,६०० किलोमीटरवरचं कोलंबो एका उडीत दारात हजर. ३०० किलोमीटर उंचीवरून परतणारी लहर धरली, तर ती खाप्याच्या आकाशातून क्षितिजापासून साधारण १५ ते २० अंशांचा कोन करून खाली येते. हा कोन लक्षात ठेवा, पुढे पाताळकोटात कामाला येणार आहे.

आयनोस्फिअर आहे, हा अंदाज १९०२ मध्ये केनेली आणि हेविसाइड यांनी मांडला. १९२४ मध्ये अॅपल्टन आणि बार्नेट यांनी तो प्रयोगाने पक्का केला, आणि त्या कामासाठी अॅपल्टनला १९४७ चं नोबेल मिळालं. आपल्याकडे कलकत्त्याला शिशिर कुमार मित्र यांनी याच विषयात आयुष्य घातलं. त्यांचं वरच्या वातावरणावरचं पुस्तक १९४७ चं, आणि जगभरात वापरलं गेलेलं. केरळात थुंबाला २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं, तेही याच थरांच्या अभ्यासासाठी. चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ जातं म्हणून ती जागा निवडली होती. म्हणजे कोलंबोची गाणी ज्या छतावरून आदळून खाप्यात पडत होती, तेच छत समजून घ्यायला भारताचा अवकाश कार्यक्रम सुरू झाला.

चिमूरची बातमी ४२.३४ मीटरवर

पोर्टेबल रेडिओची माझी गोष्ट मात्र ऐकण्याच्या सेटपासून नाही, पाठवण्याच्या सेटपासून सुरू होते.

ऑगस्ट १९४२. 'चले जाव'नंतर पुढारी तुरुंगात आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. २७ ऑगस्टला मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. लहर ४२.३४ मीटर. प्रकाशाच्या वेगाला या आकड्याने भागलं की सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे शुद्ध शॉर्टवेव्ह. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन ही भूमिगत मंडळी त्याच्या पाठीशी. पोलिसांच्या शोधक गाड्या मागावर असल्याने ट्रान्समीटर एका जागी ठेवता येत नसे. सामान बांधायचं, दुसरी खोली गाठायची, पुन्हा जोडायचं. १२ नोव्हेंबरला गिरगावात पोलिसांनी त्यांना पकडलं. उषाबाईंना चार वर्षांची सजा झाली. त्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या.

यात आपल्या विदर्भाचा धागा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूरला आणि त्याच दिवसांत आष्टीला उठाव झाला. नंतर जी दडपशाही झाली, विशेषतः चिमूरच्या बायकांवर जे अत्याचार झाले, ते छापायची सोय वर्तमानपत्रांना नव्हती. सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी त्याविरुद्ध ६३ दिवस उपास केला, तर त्या उपासाच्या बातम्यांवरही सरकारने निर्बंध घातले. पण चिमूर-आष्टीची हकीकत काँग्रेस रेडिओने प्रसारित केली. उषाबाईंनी नंतर आपल्या कामाबद्दल बोलताना या बातमीचा मुद्दाम उल्लेख केला आहे.

आता यातला उलटा प्रवास बघा. घटना चंद्रपूरकडची. नागपूर-वर्ध्याच्या छापखान्यांचं तोंड बंद. बातमी लपतछपत मुंबईला जाते, एका खोलीतल्या ट्रान्समीटरवर चढते, आकाशाला धडकून पुन्हा खाली येते. मुंबई ते चिमूर हवाई अंतर साधारण ७०० किलोमीटर. सात मेगाहर्ट्झची लहर संध्याकाळी एका उडीत पार करते त्यातलं हे अंतर आहे. हाताने वाटलेलं पत्रक पोलीस रस्त्यात पकडू शकतात. आकाशाला नाकाबंदी करता येत नाही.

अडचण एकच होती, ऐकणार कशावर? १९४२ चा सेट म्हणजे व्हॉल्व्हचा. वीज हवी, नाहीतर जड बॅटऱ्यांचा संच. तो दिवाणखान्यात बसायचा आणि ज्याच्या दिवाणखान्यात बसायचा तो गावातला मोठा माणूस असायचा. शिवाय १९३३ च्या कायद्याने रेडिओ बाळगायला परवाना लागे. म्हणजे गावात रेडिओ कुणाकडे आहे, हे सरकारला ठाऊक. पाठवणारे पळत होते, पण ऐकणारे खिळलेले होते.

केसकरांचं धोरण, कोलंबोचा फायदा

स्वातंत्र्यानंतर गंमत वेगळ्याच बाजूने झाली. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचे, संगीताचे दर्दी. त्यांच्या मते सिनेमाची गाणी लोकांची अभिरुची बिघडवत होती. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ गायब झाली आणि शास्त्रीय संगीताला भरपूर वेळ मिळाला. शास्त्रीय गायक-वादकांना यातून मोठा आधार मिळाला, हे खरंच आहे, आणि ते सांगितलंच पाहिजे. पण लोकांना गाणी हवी होती.

ती भूक भागवायला रेडिओ सिलोन होतंच. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी सिलोनमध्ये शक्तिशाली शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर उभारला गेला. युद्ध संपल्यावर तो सिलोनच्या हाती आला आणि व्यापारी सेवेसाठी वापरला जाऊ लागला. डिसेंबर १९५२ मध्ये त्यावर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दर बुधवारी रात्री, अमीन सयानींच्या आवाजात. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, सिलोनला जायचा आणि तिथून आकाशमार्गे परत भारतात. चिमूरच्या बातमीसारखाच उलटा प्रवास, फक्त या वेळी सेन्सॉर अभिरुचीचा होता.

शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. तीही आधी मुंबई आणि मद्रासच्या शॉर्टवेव्ह ट्रान्समीटरवरून. म्हणजे शॉर्टवेव्हवर गेलेला श्रोता परत आणायला सरकारलाही शॉर्टवेव्हवरच जावं लागलं. श्रोत्यांनी मोर्चा काढला नव्हता, अर्जही केला नव्हता. त्यांनी काटा फिरवला होता.

याच सुमारास सरकारचा दुसरा एक प्रयोग आपल्या महाराष्ट्रात चालू होता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं भरवली गेली. गावात एक सेट, ठरलेला वार, ठरलेली वेळ, आधी सगळ्यांनी मिळून ऐकायचं आणि मग चर्चा करायची. प्रयोग यशस्वी झाला आणि १९५९ मध्ये देशभर नेला गेला. तो चांगलाच होता. पण काय ऐकायचं आणि कधी ऐकायचं, हे दुसऱ्याने ठरवलेलं होतं. कोलंबो ऐकणाऱ्यांचं ते स्वतःचं होतं. पन्नासच्या दशकात 'रेडिओ ऐकणे' या एका क्रियापदात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा माझ्या प्रबंधातला एक मुख्य मुद्दा आहे.

ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ उठून चालायला लागला

ट्रान्झिस्टरचा शोध डिसेंबर १९४७ चा, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला. खिशात मावणारा पहिला बाजारी रेडिओ १९५४ चा. १९५७ मध्ये सोनीचा छोटा सेट जगभर गेला. आपल्याकडे हा बदल साठच्या दशकात गावागावात पोचला. व्हॉल्व्ह तापवायला जी वीज लागायची ती ट्रान्झिस्टरला लागत नाही. म्हणून जड बॅटऱ्यांच्या जागी टॉर्चचे दोन-चार सेल आले.

हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण त्याचा अर्थ समजायला तेव्हाच्या लोकांशी बोलावं लागतं. सेल महाग, म्हणून उतरलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा थोडे दिवस चालवायचे. रेडिओला चामड्याचं भोकं-भोकं असलेलं कव्हर शिवायचं. घरातला रेडिओ वडिलांचा असायचा. ट्रान्झिस्टर मात्र शेतात गेला, खाणीच्या पाळीला गेला, मागाच्या खड्ड्याशेजारी गेला. आणि सायकलच्या हँडलला लटकला.

इथे सायकल आणि मोटरसायकल यांच्यात एक मजेदार फरक आहे. सायकलला आवाज नाही, त्यामुळे चालवता चालवता गाणी ऐकता येतात. साठच्या दशकात बुलेट मद्रासला, जावा म्हैसूरला बनत होती, पुढे राजदूत दूधवाल्यांच्या दारात दिसायला लागली. पण फटफटीवर रेडिओ लटकवून काही उपयोग नव्हता. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही, हे उघड कारण. खरं कारण त्याहून खोल आहे.

फटफटी म्हणजे चालता-फिरता हर्ट्झ

१८८७ च्या सुमारास हाइनरिख हर्ट्झने रेडिओ लहरी निर्माण केल्या, त्या ठिणगी पाडून. १८९० च्या दशकात कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस आणि युरोपात मार्कोनी यांचे ट्रान्समीटरही ठिणगीचेच. आणि पेट्रोल इंजिनात पेट्रोलची वाफ पेटवायला आपण काय करतो? ठिणगीच पाडतो.

म्हणजे प्रत्येक फटफटी हा एक छोटासा, बेशिस्त ट्रान्समीटर आहे. त्याला एक ठरलेली लहर नाही, तो सगळ्याच बँडवर एकदम खरखर पाठवतो. एका सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चालत असेल, तर कामाच्या ठिणग्या मिनिटाला १,५०० पडतात, सेकंदाला २५. चालू गाडीजवळ शॉर्टवेव्ह रेडिओ धरला तर ही २५ ची तडतड चक्क ऐकू येते आणि अॅक्सिलरेटर पिळला की तिचा वेगही वाढतो. रेडिओवरून गाडीचा आरपीएम मोजता येईल, इतकं ते स्वच्छ असतं. आजकालच्या प्लगमध्ये रोधक असतो, त्याने हा त्रास बराच कमी होतो. पण नव्या गाड्यांनी नवे त्रास आणलेत. मोबाईलचा यूएसबी चार्जर आणि काही एलईडी दिवे शॉर्टवेव्हवर इतकी घरघर करतात की जुना बुलेटचा प्लग परवडला.

याचा परिणाम असा, की मोटरसायकलवरचा रेडिओ हा चालताना ऐकायचा रेडिओ कधीच नव्हता. तो थांब्याचा रेडिओ होता. गाडी बंद करायची, वीस-तीस पावलं बाजूला जायचं, एरियल ओढायचं आणि ऐकायचं. कारमधला रेडिओ प्रवासाला पार्श्वसंगीत देतो. मोटरसायकलवाल्याला मात्र ऐकायचं असेल तर थांबावंच लागतं. आणि रस्त्याच्या कडेला थांबून ऐकणारा माणूस एकटा राहत नाही. दोन मिनिटांत कोणीतरी येतं आणि विचारतं, "काय लागलं?" घरातला रेडिओ कुटुंबाचा, मंडळाचा रेडिओ सरकारी, आणि थांब्यावरचा रेडिओ अनोळखी माणसांचा. हा तिसरा प्रकार कुठल्याही सरकारी नोंदीत येत नाही, कारण तो अर्ध्या तासाने गाडीवर बसून निघून जातो.

आणीबाणीत, १९७५ ते ७७ मध्ये, याचं महत्त्व कळलं. पुन्हा सेन्सॉर, पुन्हा बातमीची टंचाई, आणि पुन्हा लोक शॉर्टवेव्हकडे वळले, या वेळी बीबीसीसाठी. फरक इतकाच की १९४२ ला ऐकणारे खिळलेले होते, १९७५ ला रेडिओ पिशवीत होता. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींच्या मृत्यूची बातमी बीबीसीने आकाशवाणीच्या कित्येक तास आधी दिली. त्या दिवशीच्या आठवणी विचारल्या की "आमच्याकडे आधीच कळलं होतं" हे वाक्य हमखास येतं. त्या वाक्यात जो अभिमान असतो, तो मला फार बोलका वाटतो.

सूर्याचा वाटा

आता माझ्या आवडीचा भाग. इतिहासाच्या पुस्तकात शॉर्टवेव्हच्या सुवर्णकाळाची कारणं दिलेली असतात, केसकरांचं धोरण, सिलोनचा ट्रान्समीटर, स्वस्त ट्रान्झिस्टर. सगळी बरोबर. पण एक कारण राहून जातं. सूर्य.

सूर्यावरच्या डागांची संख्या साधारण ११ वर्षांच्या चक्राने कमी-जास्त होते. डाग जास्त, तर अतिनील किरणं जास्त. अतिनील जास्त, तर आयनोस्फिअर दाट. दाट आयनोस्फिअर जास्त वारंवारतेच्या लहरीही परतवतं, आणि वरच्या वारंवारतेवर दिवसाचं शोषण कमी असतं, म्हणून साध्या एरियलवरही लांबचं स्टेशन स्वच्छ लागतं. डागांची नियमित मोजणी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात जोरदार चक्र कोणतं? एकोणिसावं. त्याचा कळस १९५७-५८ चा.

तारखा पुन्हा बघा. गीतमाला १९५२ च्या शेवटी, चक्र चढायच्या थोडं आधी. विविध भारती ऑक्टोबर १९५७, ऐन कळसावर. लहान ट्रान्झिस्टर सेट बाजारात आले तेही तेव्हाच. सरकारचं धोरण, बाजार आणि सूर्य हे तिघं एकाच वेळी शॉर्टवेव्हच्या बाजूने उभे होते. सूर्यामुळे गीतमाला लोकप्रिय झाली, असं मी म्हणत नाही. गाणी चांगली नसती तर सूर्याने काय केलं असतं? पण त्या वर्षांत छोट्या एरियलवर स्टेशन लागणं सोपं झालं होतं, आणि सवय लागायला तेवढं पुरतं.

सातपुड्यात आज काय लागतं?

खाप्याहून माझी नेहमीची वाट सावनेर, सौंसर, मग सिल्लेवानी घाट चढून छिंदवाडा आणि पुढे तामिया. सौंसरपर्यंत लोक सर्रास मराठी बोलतात. १९५६ पर्यंत हा सगळा भाग आणि नागपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. राज्य पुनर्रचनेत सीमारेषा मधून गेली, पण मिडियम वेव्हने ती कधी मानली नाही. घाटाखाली नागपूरचं केंद्र आजही घरचंच आहे.

तामियाच्या पुढे पाताळकोट, शेकडो मीटर खोल दरी आणि तिच्यात भारिया आणि गोंड लोकांची वस्ती. मोबाईलच्या आणि एफएमच्या लहरी सरळ रेषेत चालतात, मधे डोंगर आला की संपलं. दरीत उतरताना फोनवरच्या काड्या एकेक करून जातात. आता तो कोन आठवा, १५ ते २० अंश. समोरचा कडा ४०० मीटर उंच असला, तरी तो दीड किलोमीटरभर दूर असला की लहर त्याच्या डोक्यावरून आत येते. दरीत शॉर्टवेव्ह वरून पडते. म्हणून तो डबा वागवायचा.

बरोबर न्यायचाच असेल तर थोडं व्यवहाराचं. आजचे चिपवाले छोटे सेट आकडा दाबला की त्या वारंवारतेवर पक्के बसतात. जुन्या काट्याच्या सेटचं गाडीच्या धक्क्याने आणि नागपुरी उन्हाने स्टेशन सरकायचं. तरी मे महिन्यात सेट टँकवर उन्हात ठेवू नका आणि सायलेन्सरच्या बाजूच्या पिशवीत तर नाहीच नाही. लांब प्रवासात सेल काढून वेगळे ठेवा. पाच-सात मीटर साधी वायर जवळ ठेवा, झाडावर टाकून एरियलला चिमट्याने लावली की फरक लगेच कळतो. ढग गडगडत असतील तर वायर काढून टाका. दिवसा वरचे बँड बघा, १९, २५ मीटर. सूर्य बुडाला की ४१, ४९ मीटर.

आकाश तयार, स्टेशनं नाहीत

खरी खंत इथून सुरू होते. आपल्या सरकारनेही एकदा सगळा देश एका टॉवरखाली आणायचं स्वप्न बघितलं होतं, आणि तेही नागपुरात, कारण नागपूर मध्यावर. बुटीबोरीजवळ १,००० किलोवॅटचा मिडियम वेव्ह ट्रान्समीटर, १५६६ किलोहर्ट्झ. १८ मे १९८८ पासून आकाशवाणीचं राष्ट्रीय चॅनल त्यावरून रात्रभर देशभर ऐकू जायचं. २०१८ च्या अखेरीस ते चॅनल बंद करायचा निर्णय झाला. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण २०११ मध्येच बंद होणार होतं, श्रोत्यांच्या आग्रहाने काही काळ टिकलं, आणि ३१ जानेवारी २०२० ला थांबलं. व्हॉइस ऑफ अमेरिकाची हिंदी सेवा २००८ लाच गेली होती. मराठीत तर बीबीसीने १९४२ ते १९५८ या काळात रेडिओ सेवा चालवली होती, हे आज कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. २० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले.

आणि नियतीची थट्टा अशी, की सूर्याच्या सध्याच्या पंचविसाव्या चक्राचा कळस २०२४ च्या सुमारास आला. म्हणजे आकाश कित्येक वर्षांत नव्हतं इतकं चांगलं, आणि त्या आकाशावर आदळणारी स्टेशनं मोजकी.

यावर लोक म्हणतात, इंटरनेट आहे ना. आहे, आणि मीही त्यावरच हे लिहितेय. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फोन ऐकतो तेव्हा कुणीतरी आपली नोंद घेत असतं, कुठल्या टॉवरवर आहोत, काय उघडलं, किती वेळ. शॉर्टवेव्ह सेट काहीही परत पाठवत नाही. त्याच्या ऐकण्याचा पुरावाच राहत नाही. दुसरं, नेटवर्क एका आदेशाने जिल्हाभर बंद करता येतं. आकाश बंद करता येत नाही, जॅमिंग करूनही पूर्ण बंद होत नाही. १९४२ ला चिमूरची बातमी फुटली ती याच दोन गुणांमुळे.

आणि नेमका तोच पहिला गुण माझ्या संशोधनाच्या मुळावर येतो. ज्या ऐकण्याचा पुरावा राहत नाही, त्याचा इतिहास लिहायचा कसा? परवान्याची वही सांगेल सेट कुणाकडे होता, पण बुधवारी रात्री काटा कुठे होता ते नाही. म्हणून मी जुने सेट शोधत फिरते. सेट मिळाला की आधी डायल बघते. काचेवर कुठे पेन्सिलची खूण आहे का, लाल टिकली चिकटवली आहे का, नेलपॉलिशचा ठिपका आहे का. तो ठिपका २५ किंवा ४१ मीटरपाशी असला, की त्या घरात कोलंबो ऐकलं जायचं, हे जवळजवळ नक्की. एवढासा ठिपका, पण माझ्यासाठी तो दस्तऐवज आहे, आणि हे दस्तऐवज दर दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जातायत. ज्यांनी ते ठिपके लावले ती माणसं आता पंचाहत्तर-ऐंशीची आहेत.

तेव्हा एक विनंती. घरातल्या माळ्यावर जुना रेडिओ असेल तर विकण्याआधी त्याच्या डायलचा एक नीट फोटो काढून ठेवा. आणि आजी-आजोबांना "कोणता कार्यक्रम आवडायचा?" असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळे गीतमालाच देतात. त्यांना विचारा, "रेडिओ कुठे ठेवायचात, काटा कोण फिरवायचं, आणि ऐकायला अजून कोण यायचं?" उत्तर लिहून ठेवा. त्यांच्याच शब्दांत, जसंच्या तसं.

पुढच्या पोस्टमध्ये पोस्टातल्या रेडिओ परवान्याच्या वह्यांबद्दल लिहीन.